पांढऱ्याचं माप

२९ जुलै

किशोरच्या गाडीतून बावधनला जाऊन आलो. मुलाची गाडी हिंजवडीच्या एका कंपनीत लागलेली आहे. आज त्यानं माझ्यासाठी खाडा केला आणि वाटेत चांदणी चौकापर्यंत ते मला ऐकवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा या आठवड्यात करायचा, डावा महिना-दीड महिन्यानं.

डॉक्टर कुणी परकी नाही. पौडच्या इब्राहिमची साजिदा. इब्राहिम आणि मी पाचवीपासून एका बाकावर बसलो. पुढे तो शिलाईच्या मशिनीवर बसला आणि मी आमच्या रिहे गावच्या पोस्टात. ही पोर लहानपणी त्याच्या दुकानात चिंध्या रंगाप्रमाणे लावत बसायची. आता माझ्या डोळ्यात उजेड मारून म्हणते, "काका, हे तुम्ही फार दिवस अंगावर काढलंत."

मी म्हटलं, मला दिसतं की. वाट दिसते, बांध दिसतो, माणूस दिसतो. ती म्हणाली, दिसतं ते तुम्हाला माहीत आहे, पण जे दिसत नाही ते कसं माहीत होणार? वाक्य मनात घोळवत घरी आलो. आमच्या गुरुजींनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं असतं.

भीती थोडी वाटते. बायको, नलिनी, असती तर म्हणाली असती, जावा गुमान.

१ ऑगस्ट

झालं. एका डोळ्यावर पट्टी आहे, म्हणून आजच्या ओळी उताराला लागल्यात.

काही दुखलं नाही. तोंडावर कापड होतं, आणि त्याच्या खिडकीतून गुलाबी उजेड वितळताना दिसत होता. आतल्या आत कुठंतरी मावळतीची वेळ झालीय असं वाटलं. साजिदा म्हणाली, काका, भीती वाटली तर कविता म्हणा, पण मनात, डोकं हलवू नका. तिसरीतली म्हटली, चालीसकट. शेवटचं कडवं यायच्या आत तिचं काम आटोपलं. ही चाल लावणाऱ्या गुरुजींचे आज आभार मानले. ते जाऊनही किती काळ लोटला.

२ ऑगस्ट

पट्टी काढली. काय लिहू?

घरी आलो, गाडीतून उतरलो, आणि गोठ्यावर टाकलेली ताडपत्री बघून मला रडू आलं. साधी प्लॅस्टिकची ताडपत्री, कोपऱ्यात फाटलेली, वर दगड ठेवलेले. ती निळी होती. इतकी निळी की तिला हात लावावा तर ओला होईल. किशोरला वाटलं डोळा दुखतोय. तो साजिदाला फोन लावायला निघाला. त्याला म्हटलं, थांब, ताडपत्रीकडे बघतोय. त्यानं सुनेकडे पाहिलं, सुनेनं त्याच्याकडे पाहिलं.

मला खरं सांगायचं तर गेली काही वर्षं वाटायला लागलं होतं की निळा रंग कवींनी फुगवून सांगितलाय. आभाळ निळं, डोंगर निळे, पाणी निळं. मी मान वर करायचो तर आभाळ आपलं मळकट. म्हटलं, कवितेत चालतं. आज सगळ्या कवींची माफी मागितली. ते कमीच बोलले होते.

डोळे आलटून पालटून झाकायचा खेळ सापडलाय. उजव्यानं ताटातला भात पांढराशुभ्र. डाव्यानं तोच भात गुळाच्या पाण्यात भिजवल्यासारखा. एकच शीत, दोन रंग. सूनबाई, शुभांगी, वाढायची थांबली आणि म्हणाली, "आप्पा, डोळं मारताय का भाताला?"

७ ऑगस्ट

पाऊस. थेंब घालायला शुभांगी दिवसातून चार वेळा येते. "वर बघा" म्हणते. मी वर बघतो. तिची बोटं थंड असतात.

तिनं माझे सगळे पांढरे शर्ट पुन्हा धुवायला काढलेत. स्वच्छ धुतलेले, घडी घातलेले होते. साबण नाही, काही नाही, नुसत्या पाण्यात पिळते आणि पुन्हा बुचकळते. असल्या दमट हवेत वाळणार कुठं? विचारलं तर म्हणाली, वास मारत होते. मला काही वास आला नव्हता. बायकांची नाकं तीक्ष्ण.

आज उजव्या डोळ्याला दिसलं की पायऱ्यांच्या कडेला चुन्याचे पट्टे ओढलेले आहेत. पडवीच्या उंबऱ्यालाही. एकावर एक थर आहेत, म्हणजे जुनं काम दिसतंय. गणपतीच्या आधी कुणीतरी हौसेनं करत असणार.

१२ ऑगस्ट

तपासणी. डोळा छान म्हणे. साजिदाला सवड होती, म्हणून तिला निळ्याचं विचारलं. तिनं जे सांगितलं ते आठवेल तसं लिहून ठेवतो.

डोळ्यातलं भिंग जन्मतः पाण्यासारखं असतं. मग वर्षागणिक ते पिवळं होत जातं, जुन्या वहीच्या कागदासारखं. पिवळ्या भिंगातून निळा उजेड आत जात नाही, दारातच अडतो. मग माणसाला कळत कसं नाही? तर मेंदू भारी धोरणी. तो रोज थोडं थोडं पांढऱ्याचं माप सरकवतो. काल ज्याला पांढरं म्हटलं त्याच्याहून आज किंचित पिवळं, तरी त्यालाच पांढरं म्हणायचं. अगदीच निभेनासं झालं की मग आपण म्हणतो, हल्ली वस्तूंचा रंगच टिकत नाही.

मी म्हटलं, म्हणजे मी आता सगळं खरं बघतोय तर. ती हसली. म्हणाली, काका, खरं कुणीच बघत नाही. आपल्या डोळ्यात रंग ओळखणारे तीन प्रकारचे दाणे, त्यांच्यावर सगळा कारभार. जांभळ्याच्या पलीकडचा उजेड मधमाशीला दिसतो, आपल्याला नाही. तुम्हाला साधं वाटणारं फूल तिला नक्षीचं दिसतं. आणि तुमचा माझा लाल तरी एकच आहे का, हे कुणी सांगावं? दुसऱ्याच्या डोळ्यामागे जाऊन बघायची सोय नाही.

हे ऐकून खरं तर वाईट वाटायला हवं. मला उलट बरं वाटलं. जगात आपल्यासाठी नसलेलंही इतकं काही आहे. घरी आलो तर भोपळ्याच्या फुलावर एक माशी होती. तिला म्हटलं, बघ बाई तुझं तू.

१५ ऑगस्ट

आज माझी शोभा झाली.

झेंडावंदनाला दरवर्षी पांढराशुभ्र शर्ट घालतो. धुतलेले अजून दमट होते. ट्रंकेत तळाशी एक कडक इस्त्रीचा सापडला, तोच अंधाऱ्या खोलीत अंगात घातला. शुभांगी स्वयंपाकघरात होती. बाहेर आली तोवर मी काळा चष्मा लावून फाटकाबाहेर पडलो होतो. ती मागून हाका मारत होती. छत्री विसरलो म्हणून असेल, म्हटलं, आणि हात हलवून पुढं गेलो.

शाळेच्या पटांगणात म्हाताऱ्यांची वेगळी रांग असते. इब्राहिम पौडहून मुद्दाम येतो. ही आमची दोघांची शाळा. झेंडा वर गेला, फडकला, आणि मी नीट बघायला चष्मा काढला. सलामीला हात उचलला. बाजूला इब्राहिमचा हात उचललेला. दोन बाह्या शेजारी शेजारी. त्याची पांढरी. माझी निळी.

निळसर नव्हे. निळी. आमच्या गोठ्यावरच्या ताडपत्रीची धाकटी बहीण शोभेल अशी.

राष्ट्रगीत चालू असताना बोलता येत नाही. ते संपेपर्यंत मी माझ्या बाहीकडे बघत उभा होतो. संपल्यावर विचारलं, इब्राहिम, हा शर्ट पांढराच आहे ना? हा शर्ट त्यानंच शिवलेला. तो झेंड्याकडे बघतच म्हणाला, "कापड म्या पांढरंच दिलं हुतं. पुढचं तुझं तुला ठावं."

आणि हे आधी का नाही सांगितलंस? "सांगून तुला दिसणार हुतं व्हय?"

तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, निळे आप्पा, जिलेबी घ्या. मला हे नाव आहे हे मला आज कळलं. आणि गंमत म्हणजे म्हणणाऱ्याच्या आवाजात थट्टा नव्हती, सवय होती. गावानं मला इतकी वर्षं निळा सांभाळला, कुणी तोंडावर हसलं नाही. जिलेबी घेतली. दोन घेतल्या.

१६ ऑगस्ट

शुभांगीला विचारलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही.

तिनं सांगितलं ते असं. आत्याबाई, म्हणजे नलिनी, गेल्यावर माझे शर्ट तिच्याकडे आले. मी म्हणायचो, पिवळट राहिलंय, नीळ घाल. ती घालायची. मी पुन्हा म्हणायचो, अजून पिवळंच आहे. मग एकाच्या दोन पुड्या, पुढे बादली काळी दिसेपर्यंत. ऑपरेशन झाल्यावर तिला धास्ती बसली की आता मला दिसणार. म्हणून तिनं शर्ट पाण्यातून काढायला घेतले. ट्रंकेतला एक राहून गेला.

मी म्हटलं, अगं, तुला तर दिसत होतं ना पांढरं? मला एकदा तरी म्हणायचंस.

तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "माझ्या डोळ्याला पांढरं, तुमच्या डोळ्याला पिवळं. घालणार तुमी. मग तुमच्या डोळ्यापरमाणं धुतलं."

नलिनीनं पोर पारखून आणली होती. नलिनीचे आभार.

२४ ऑगस्ट

एक गोष्ट खटकायला लागलीय. निळा ओसरतोय.

म्हणजे आहे, पण पहिल्या दिवसाचा नाही. सकाळी गोठ्याकडे गेलो, ताडपत्रीकडे पाहिलं, आणि सरळ शेण काढायला लागलो. मग लक्षात आलं की आपण थांबलो नाही. साजिदानं सांगितलं होतंच, मेंदू माप सरकवतो. आता तो उलटा सरकवत असणार.

मात्र डावा डोळा झाकला-उघडला की फरक पुन्हा जागा होतो. शिवाय संध्याकाळी डाव्या डोळ्यानं भाताकडे बघितलं की सगळ्या खाचरांवर जुनं ऊन सांडलेलं दिसतं. नलिनी शेवटी शेवटी पडवीत बसायची, तेव्हा तिच्या पदरावर होतं तेच ऊन. उजव्या डोळ्यात ते नाही. उजव्यात सगळं लख्ख आहे आणि ती कुठं नाही.

डावा डोळा करायचा नाही असं ठरवलंय. एक नव्याला, एक जुन्याला. कुणाचं काय जातं? शुभांगीला सांगितलं. तिनं भांडी जोरात घासली.

३१ ऑगस्ट

पडलो. फार नाही. खालच्या खाचरात पाणी किती आहे बघायला गेलो, बांधावरून उतरताना खोली चुकली. एक डोळा एक सांगतो, दुसरा दुसरंच. भातात पालथा पडलो, तोंडात चिखल. उठायचा प्रयत्न करतो तोवर शुभांगी तिथं हजर. घर तिथून लांब आहे, इतक्या लवकर ती पोचली कशी हे काही समजलं नाही.

अंगावर गरम पाणी घालून झाल्यावर बोलली. तिला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"आत्याबाईंचं पिवळं ऊन तुमाला ठिवायचंय, ठिवा. पर तुमी भाईर पडला की मला चुलीपाशी जीव न्हाई ऱ्हात. पायऱ्यांना मी चुना वढला, बांधाला कुटं वढू? एक डोळा नव्याला, एक जुन्याला म्हणता. आन पाय? पाय कुणाला दिलेत?"

साजिदाचाही दुपारी फोन आला, किशोरनं कळवलं असणार. ती म्हणाली, डावा मोतीबिंदू कडक होत चाललाय. दिवाळीपर्यंत थांबलात तर मी करीन, पण मग आजच्यासारखी सोपी खात्री देणार नाही. डोळा जाऊही शकतो, काका.

रात्रभर दोन्ही बाजूंनी विचार केला. जाणार असेल तर जुनं ऊन बघत जावं, असंही एकदा मनात आलं. मी हट्टी आहे हे मला माहीत आहे.

५ सप्टेंबर

इब्राहिम आणि साजिदा घरी आले. बापाला सोबत आणलं तेव्हाच ओळखलं की वकीलपत्र घेऊन आलेत. शुभांगीनं घावन केले. खाणं झाल्यावर मी माझं म्हणणं मांडलं, अगदी नीट, जुन्या उन्हासकट. एक ओळही ऐकवली, माझीच केलेली. साजिदानं ऐकून घेतलं. मग विचारलं, काकू लग्न होऊन आल्या तेव्हा तुम्ही किती वर्षांचे होता?

चोवीस, म्हटलं.

ती म्हणाली, "काका, चोवीस वर्षांच्या माणसाचं भिंग जवळजवळ स्वच्छ असतं. तेव्हा काकूंना तुम्ही ज्या डोळ्यानं पाहिलंत, तो आज तुमच्या डाव्यापेक्षा उजव्याच्या जवळचा आहे. डाव्यात जे ऊन दिसतं ते काकूंचं नाही. ते भिंगाचं आहे."

इब्राहिमनं बशीतला चहा संपवला आणि म्हणाला, "भिवा, तू वैनीला न्हाई जपत. डागाला जपतुयास."

दुसरं कुणी बोललं असतं तर उठून गेलो असतो.

ते गेल्यावर पडवीत बसलो. पाऊस उघडला होता. हट्टानं डावा डोळा झाकला आणि नुसत्या उजव्यानं समोर बघत राहिलो. ऊन उतरलं तसा पलीकडचा डोंगर हळूहळू निळा झाला. आणि मला आठवलं. नलिनी नवी नवरी म्हणून आली त्या संध्याकाळी इथंच उभी होती. तिचं माहेर पौडच्या बाजारपेठेत, डोंगर दारात नसायचा. ती पहिल्यांदा माझ्याशी आपणहून बोलली ती एवढंच, "डोंगर निळा कसा वो?" मी हसलो होतो. लांबचा डोंगर निळाच दिसतो, म्हणालो होतो.

तो निळा मी किती वर्षं पाहिला नव्हता, आणि पाहिला नाही हेही मला माहीत नव्हतं. आज तो आला, आणि त्याच्यासोबत ती आली. बावीस वर्षांची, नव्या जोडव्यांनी पाय दुखणारी, पदर सावरणारी. मी जिला जपत होतो ती थकलेली होती. ही तर उभी होती.

आत जाऊन शुभांगीला सांगितलं, साजिदाला फोन लाव.

१२ सप्टेंबर

डावाही झाला. या वेळी कविता आठवलीच नाही. साजिदाला म्हटलं, तूच काहीतरी बोल. ती तिच्या अब्बाच्या दुकानातल्या चिंध्यांबद्दल बोलत राहिली.

तिचे, तिच्या हातांचे, कुठल्या कारखान्यात हे इवलं भिंग घडवणाऱ्या अनोळखी माणसांचे आभार.

५ ऑक्टोबर

ताम्हिणीच्या अंगाला कारवी फुललीय असं किशोरच्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं. कारवी काही दरसाल फुलत नाही. सात वर्षं नुसती हिरवी उभी राहते आणि मग एकदाच सगळा डोंगर रंगवून मोकळी होते. आज रविवार, म्हणून गाडी काढली. मी म्हटलं, शुभांगीही येईल. ती म्हणाली, स्वयंपाक राहिलाय. मी म्हटलं, वाटेत मिसळ खाऊ. तिनं किशोरकडे पाहिलं. मग साडी बदलून आली.

वाटेत बोलता बोलता कळलं की तिनं कारवी फुललेली कधीच पाहिलेली नाही. लग्न होऊन आल्यापासून इतके फुलोरे झाले, दर वेळी आम्ही सगळे गेलो, आणि दर वेळी कुणीतरी घरी थांबायला हवं होतं. हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही? मागच्या फुलोऱ्याला नलिनी होती. मी तिला म्हणालो होतो, यंदा रंग उतरलाय, पूर्वीसारखा नाही. ती बराच वेळ तिथंच उभी राहिली. पाय दुखत असतील, असं मला तेव्हा वाटलं होतं.

किशोर गाडीपाशी थांबला. आम्ही दोघं पायवाटेनं थोडं वर गेलो. शुभांगी माझ्या पुढं अर्धं पाऊल, जिथं दगड निसरडा तिथं आपोआप हात मागं करणारी. वळण आलं आणि दोघंही थांबलो.

सगळा उतार पेटला होता, पण विस्तव नव्हता. त्या रंगाला काय म्हणावं?

मी आधी उजवा डोळा झाकला, मग डावा. दोन्हीकडे सारखंच. फरक उरलेला नव्हता. मला ज्याची भीती वाटत होती ते हेच. आता ताडून बघायला जवळ काही नाही, हा रंगही चार दिवसांत सवयीचा होणार.

म्हणून मी शुभांगीला विचारलं, तुला कसा दिसतो?

"निळा न्हाई," ती म्हणाली. "जांभळाबी न्हाई. वांग्याचं फूल असतंय बघा, त्यातलं मधलं पिवळं काढलं तर उरंल, तसा."

मी म्हटलं, मला तर पहाटेच्या पहिल्या धुरासारखा दिसतो.

"धूर कुटं जांभळा असतोय?"

असतो. ओली लाकडं असली तर असतो.

"ओली लाकडं मी पेटवती, आप्पा. तुमी झोपल्यालं असता."

बराच वेळ आमचा वाद चालला. ती एक फूल दाखवायची, मी दुसरं. सावलीतलं तिला गुलाबीकडे झुकलेलं वाटत होतं, मला राखाडीकडे. तिच्या डोळ्यामागे जाऊन मला बघता येणार नाही, माझ्या मागे तिला. पण ती सांगत होती, आणि ती सांगायची तसा मला तो रंग थोडा थोडा तिच्या बाजूनं दिसायला लागायचा. नलिनीला हे मी कधी विचारलंच नव्हतं. तुला कसा दिसतो, एवढंच तर विचारायचं असतं.

खालून किशोरनं हॉर्न दिला. शुभांगीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आजवर तिनं असं केल्याचं मला आठवत नाही.

मी आणखी काही म्हणणार होतो, मघाच्या धुराबद्दल. तिनं हात वर केला.

"आता गप बघा की जरा," ती म्हणाली.

मी गप बघत राहिलो.